दिवा न लावताही येणारं वीजबिल: कमी वापराच्या घरांनी काय करायचं

वीजबिल हातात आलं की बहुतेक जण तळातला एकच आकडा बघतात. देवरुखच्या आसपासच्या वाड्यांतून माझ्या दुकानात बिल भरायला येणारी माणसंही तेच करतात. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि बिलभरणा असं माझं दुकान आहे. समोर येणाऱ्या बिलांत दोन प्रकार फार. एक, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांची बंद घरं, जी गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. दुसरं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं, जिथे दोन दिवे आणि एक पंखा चालतो. दोघांचाही प्रश्न एकच असतो: "वहिनी, वापरली नाय तरी एवढं कसं?"

त्या प्रश्नाचं उत्तर बिलावरच छापलेलं असतं. ते वाचायचं कसं आणि त्यातलं काय कमी होऊ शकतं, हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. हे सगळं महावितरणच्या ग्रामीण भागातल्या घरगुती जोडणीबद्दल आहे. शहरात आणि दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत आकडे वेगळे येतील, रीत हीच.

आधी बिल फोडून बघा

बिलात तुमच्या वापराशी बांधलेले आकार दोन: वीज आकार आणि वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा. युनिट कमी, तर हे कमी. तिसरा इंधन समायोजन आकार. तोही युनिटवरच लागतो, पण महिन्याला बदलतो, म्हणून खालच्या हिशेबात मी तो धरलेला नाही. चौथा स्थिर आकार. तुम्ही शून्य युनिट वापरा नाहीतर नव्वद, हा तेवढाच. आणि पाचवं वीज शुल्क, म्हणजे सरकारचं सोळा टक्के. ते नुसत्या विजेवर नाही, स्थिर आकार धरून आलेल्या बेरजेवर लागतं. हे पुष्कळांना माहीत नसतं. जी वीज वापरलीच नाही तिच्या नावाने भरलेल्या स्थिर आकारावरही आपण शुल्क भरतो.

आता आकडे. दर बदलत राहतात, म्हणून स्वतःचा हिशेब करताना स्वतःच्या बिलावरचे दर घ्या. मी २०२४-२५ या वर्षाचे घेते. एक फेजच्या घरगुती जोडणीला महिना १२८ रुपये स्थिर आकार होता. पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये वीज आकार आणि १.१७ रुपये वहन आकार, मिळून ५.८८. त्यापुढे ३०० पर्यंतच्या युनिटांना वीज आकार १०.२९, आणि ३०० ते ५०० मध्ये १४.५५. वहन आकार सगळीकडे तोच.

वरच्या वाडीत एक आते राहतात. दोन एलईडी दिवे, दुपारी थोडा वेळ पंखा. महिन्याला बारा युनिट धरू. १२ गुणिले ५.८८ म्हणजे ७०.५६. त्यात १२८ मिळवा, १९८.५६. त्यावर सोळा टक्के, ३१.७७. बिल २३०.३३ रुपये. आता याला बारांनी भागा. युनिटमागे १९ रुपये १९ पैसे.

हाच हिशेब महिन्याला ५०० युनिट वापरणाऱ्या, एसी लावलेल्या घराचा केला तर बिल ७,१३६ रुपये येतं. ५०० ने भागलं की युनिटमागे १४ रुपये २७ पैसे. म्हणजे दोन दिव्यांच्या आतेंना एक युनिट एसीवाल्या घरापेक्षा जवळजवळ पाच रुपयांनी महाग पडतं. ३०० युनिटवाल्याला ११.६३ पडतात आणि ३० युनिटवाल्याला ११.७७. दहापट वापराच्या दोन घरांना जवळपास एकच भाव. १०० युनिटांवाल्याला सगळ्यात स्वस्त, ८.३१. कागदावर दरपत्रक चढतं दिसतं: जो जास्त वापरेल त्याला जास्त दर. टप्पे तसेच आहेत आणि ते योग्यही आहेत. पण तळाशी, शंभर युनिटांच्या खाली, स्थिर आकारामुळे हा चढ उलटा होतो. सगळ्यात कमी वापरणारा सगळ्यात चढा भाव देतो.

तुमच्या बिलावर हे करून बघायला अर्धा मिनिट लागतो. चालू महिन्याचं बिल, थकबाकी आणि व्याज वगळून, भागिले युनिट. आलेला आकडा बिलाच्या कोपऱ्यात पेनने लिहा. पुढे लागणार आहे.

अंधारात बसू नका

हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. बिल कमी व्हावं म्हणून संध्याकाळी दिवा न लावता ओटीवर बसून राहणारी माणसं मला माहीत आहेत. जेवणापुरता दिवा, मग बंद. त्यांना मी कागदावर हे मांडून दाखवते.

शून्य युनिट वापरलं तरी १२८ आणि त्यावरचं सोळा टक्के शुल्क, १४८ रुपये ४८ पैसे द्यायचेच आहेत. त्यापुढच्या प्रत्येक युनिटला शुल्कासकट ६ रुपये ८२ पैसे. नऊ वॉटचा एक एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला सव्वा ते दीड युनिट जळतं. म्हणजे नऊ-दहा रुपये. महिन्याभराच्या उजेडाला नऊ-दहा रुपये! आतेंनी दोन्ही दिवे मालवून ठेवले तर २३० च्या बिलातले वीसच्या आसपास रुपये वाचतील, आणि अंधारात पायरीवरून पाय घसरला तर रत्नागिरीच्या एका फेरीत त्याच्या कितीतरी पट जातील. दिवा लावा. पंखा लावा. या घरांत वीज वाचवण्यासारखं फारसं उरलेलंच नाही, आणि वाचवलेल्या युनिटाने बिलाला फरक पडत नाही.

म्हणूनच "वीज बचतीचे दहा उपाय" छापाचे सल्ले या घरांच्या कामाचे नाहीत. कमी विजेवर चालणारा नवा पंखा घेतला तर आतेंचे महिन्याला फार तर पाच युनिट, म्हणजे ३४ रुपये वाचतील. दोन-तीन हजारांचा पंखा त्या हिशेबाने वसूल व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. छपरावरच्या सौर पॅनलचंही तसंच. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला शंभराच्या वर. बारा युनिटांच्या घराला त्याचं काय करायचं? आणि युनिटांची वजावट झाली तरी स्थिर आकार बिलात राहतोच. ज्यांचा वापर दोन-तीनशे आहे त्यांनी सौरचा विचार जरूर करावा, छोट्या घरांनी त्यात पैसे अडकवू नयेत.

बचत करायची तर ती युनिटांबाहेरच्या ओळींत शोधायची.

फेज आणि दर संकेत

बिलावर दर संकेताच्या पुढे तुमची जोडणी कुठल्या वर्गात आणि किती फेजची आहे ते लिहिलेलं असतं. बिल घ्या आणि आधी तेच वाचा.

तीन फेज लिहिलं असेल तर थांबा. २०२४-२५ मध्ये तीन फेजच्या घरगुती जोडणीचा स्थिर आकार महिना ४२४ रुपये होता. एक फेजच्या तिप्पटीहून जास्त. शुल्क धरून फरक महिन्याला ३४३, वर्षाला चार हजार शंभरच्या पुढे. जुन्या घरांत कधीकाळी मोठं बिऱ्हाड होतं, विहिरीवर तीन फेजची मोटर होती, कुणी घरघंटी चालवायचं. आता घरात दोन माणसं आणि मोटर एक फेजची, पण जोडणी तीच. एका तात्यांकडे असंच होतं. मुलाने घर बांधताना "पुढेमागे लागेल" म्हणून तीन फेज घेतलेली, मुलगा ठाण्याला, वरचा मजला बंद. अशा घरांनी एक फेज करून घेण्याचा अर्ज द्यावा. वायरमनकडून आधी घरातला एकूण भार तपासून घ्या, गिझर-पंप-मिक्सर एकाच फेजवर चालतील का ते बघा. अर्ज उपविभागीय कार्यालयात किंवा महावितरणच्या संकेतस्थळावरून होतो. मीटर बदलावा लागतो. या एका कागदाने जेवढे वाचतात तेवढे आयुष्यभर दिवे मालवूनही वाचणार नाहीत.

दुसरं, दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वर्ग. नावामुळे लोकांना वाटतं की पिवळं रेशनकार्ड दाखवलं की झालं, किंवा ते नाही म्हणून आपल्याला मिळणारच नाही. दरपत्रकातली अट मंजूर भाराची (कंपनीने जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट) आणि वापराची आहे: भार अगदी थोडा, आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत. म्हणजे महिन्याला सरासरी तीस. या वर्गाला स्थिर आकारही कमी आणि युनिटचा दरही कमी. वर्षाखेर वापर तपासतात आणि ३६० ओलांडले असतील तर सर्वसाधारण घरगुती दर लागतो. ज्यांच्या बिलावर हा वर्ग आहे त्यांनी तो जपावा. मे महिन्यात मुंबईची पोरंबाळं आली, टेबलफॅन आले, कुणी शेगडी लावली, की दोन महिन्यांत वर्षाचं गणित विस्कटतं. अशा घरात पाहुण्यांनीच शेगडी आणू नये, एवढं चाकरमान्यांना हक्काने सांगते. आणि ज्यांचा वापर वर्षभर तीसच्या आत आहे पण वर्ग साधा आहे, त्यांनी बिलावरचा मंजूर भार बघावा आणि वर्षभराची बिलं घेऊन उपविभागात लेखी विचारावं: आमचा भार कमी करून आम्ही या वर्गात बसू शकतो का? उत्तरही लेखी मागावं.

माझी नणंद बेळगावात असते, तिच्या निमित्ताने एक सांगून ठेवते. कर्नाटकात स्थिर आकार मंजूर भाराच्या दर किलोवॅटमागे लागतो. तिथल्या मराठी घरांनी बिलात मंजूर किलोवॅट किती लिहिलेत ते बघावं आणि गरजेपेक्षा जास्त असतील तर कमी करून घ्यावेत. आपल्याकडे साध्या घरगुती एक फेजला नुसता किलोवॅट कमी करून स्थिर आकार उतरत नाही. भार कमी करण्याचा अर्ज करण्याआधी हा फरक लक्षात घ्या, नाहीतर हेलपाटा फुकट.

एका घरात दोन मीटर

वाटण्या झाल्या की भिंत आली, भिंत आली की मीटर आला. पुढे एक भाऊ मुंबईला गेला, त्याची बाजू रिकामी, तरी दोन्ही मीटर चालू. दोन मीटर म्हणजे दोन स्थिर आकार. पण दोन मीटर म्हणजे स्वस्त टप्पाही दोनदा, म्हणून डोळे मिटून एक मीटर काढू नका. हिशेब असा.

दोन्ही बाजू चाळीस-चाळीस युनिट वापरत असतील तर वेगळी बिलं मिळून ८४२ रुपये होतात. एकाच मीटरवर ऐंशी आले तर ६९४. महिन्याला १४८ वाचले. पण दोन्हीकडे पंचाहत्तर वापर असेल तर वेगळी बिलं १,३२० ची, आणि एकत्र दीडशे युनिट केले तर १,४९५. कारण शंभराच्या वरची पन्नास युनिटं महाग टप्प्यात गेली. सीमारेषा कुठे? वरच्या टप्प्यात युनिटमागे ५.५८ रुपये जास्त लागतात, आणि वाचतात ते १२८. भागाकार केला की साधारण तेवीस. तेव्हा दोन्ही मीटर मिळून महिन्याचा वापर १२२ च्या आत राहत असेल तर एक मीटर परवडतो, त्यापुढे दोनच बरे. एका महिन्यावरून ठरवू नका. मे आणि गणपतीचा महिना धरून वर्षाची बिलं मांडा.

यात पैशाहून नाजूक भाग भावाभावांचा. मीटर काढला तर आपला हक्क गेला, अशी भीती असते. वीजबिल मालकी हक्क ठरवत नाही. त्यासाठी सातबारा, घरपट्टीचा उतारा आणि वाटणीपत्र बघतात. तरी मी कुणालाही घाईने मीटर काढायला सांगत नाही. दोघांनी बसून, घरपट्टी वेगळी असल्याची खात्री करून, मगच.

बंद घर

बंद घराचं शून्य युनिटांचं बिल वर्षाला १,७८२ रुपये होतं. हे २०२४-२५ च्या दराने. त्यावर तीन मार्ग आहेत आणि कुठला घ्यायचा ते घर किती बंद आहे यावर ठरतं.

वर्षातून दोनदा घर उघडत असेल तर जोडणी ठेवा. गणपतीत दहा दिवस अंधार काढायचा नाही, आणि दरवेळी तात्पुरती जोडणी घेणं हा उपाय नव्हे. अशा घरांनी आगाऊ रक्कम भरून ठेवावी. सहा महिन्यांचा अंदाज करून भरली की दर महिन्याला बिल त्यातून वळतं होतं. बंद घरांत खरा तोटा स्थिर आकारापेक्षा विसरण्याने होतो. मुदतीत न भरलेल्या बिलावर सव्वा टक्का विलंब आकार, पुढे व्याज, आणि मग वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. नोटीस बंद दाराला लागलेली, माणूस नालासोपाऱ्याला. गणपतीच्या आदल्या दिवशी असा माणूस दुकानात येतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही.

घरात कुणी परत येणारच नसेल, छप्परही उतरवलं असेल, तर जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज द्या. शेवटचं रीडिंग, शेवटचं बिल, मीटर काढून नेल्याची नोंद, आणि सुरक्षा ठेव परत, या चारही गोष्टी झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. "भरूच नका, आपोआप तोडतील" असं सांगणारे गावात पुष्कळ असतात. त्यांचं ऐकू नका. थकबाकी त्या जागेमागे राहते आणि उद्या नातवाने घर बांधून जोडणी मागितली की समोर येते.

मधला प्रकार अवघड. चार-पाच वर्षं कुणी येणार नाही, पण पुढे यायचं आहे. तिथे पाच वर्षांचे जवळपास नऊ हजार रुपये एका बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला नवीन जोडणीचा आजचा खर्च, वायरिंगचा दाखला आणि मुंबईहून मारावे लागणारे फेरे. खांब दाराशी असेल तर बंद करणं परवडू शकतं. खांब लांब असेल तर जोडणी सोडू नका.

मेन स्विच पाडून घर बंद केलं तरी युनिट पडत असतील तर एक तपासणी घरच्या घरी होते. मेन स्विच बंद ठेवून मीटरवरचा लाल दिवा बघा. पाच-दहा मिनिटं उभे राहा. तो लुकलुकत असेल तर मीटरनंतर कुठेतरी वीज जाते आहे, किंवा मीटरमध्ये दोष आहे. वायरमन बोलावून मीटर ते मेन स्विच एवढी वायर आधी तपासा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून जाणारी जुनी वायर हा आमच्याकडचा नेहमीचा चोर.

सरासरी बिल आणि टप्पे

दार बंद असल्याने रीडिंग घेता आलं नाही तर बिलावर तसा शेरा येतो आणि सरासरीने युनिट लावतात. पुढे खरं रीडिंग मिळालं की हिशेब जुळवायचा असतो. इथे छोट्या ग्राहकाने डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट एकच: जमलेली युनिटं ज्या महिन्यांत वापरली त्या महिन्यांत विभागून लावली आहेत का. समजा सहा महिन्यांत खरा वापर १७० युनिट झाला. महिन्याला अठ्ठावीस-एकोणतीस, सगळी स्वस्त टप्प्यात. तीच १७० युनिटं एका महिन्याची म्हणून लागली तर सत्तर युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि शुल्कासकट साडेचारशेच्या वर रुपये उगाच पडतात. दर टप्पे महिन्याचे आहेत, तेव्हा जास्त दिवसांच्या बिलात टप्पेही त्या प्रमाणात वाढले पाहिजेत. बिलावरची मागच्या आणि चालू रीडिंगची तारीख बघून दिवस मोजा.

हे टाळायचं तर रीडिंग स्वतः पाठवा. ग्राहक क्रमांकाशी मोबाइल जोडलेला असेल तर रीडिंगची तारीख संदेशाने कळते आणि महावितरणच्या मोबाइल ॲपवरून फोटोसह रीडिंग देता येतं. मीटर ओटीवर बाहेर असेल तर शेजारच्या पोराने काढलेला फोटो मुंबईत बसून भरता येतो. मोबाइल जोडण्यासाठी एमआरईजी ही चार इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा, मग बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा संदेश ९९३०३९९३०३ वर पाठवायचा. म्हाताऱ्या माणसांच्या जोडणीला मुलाचा किंवा सुनेचा नंबर लावा, पण त्या नंबरवर आलेलं बिल घरी फोन करून सांगायची जबाबदारीही घ्या.

छोट्या सवलती, पण कुठल्या

वेळेआधी भरल्यास एक टक्का आणि ऑनलाइन भरल्यास पाव टक्का सूट असते. टक्क्यांची सूट मोठ्या बिलाला. आतेंच्या बिलात तिचे दोन-अडीच रुपये. पण कागदी बिल सोडून ई-मेल आणि संदेशावर बिल घेतलं तर गो-ग्रीन योजनेत बिलामागे दहा रुपयांच्या हिशेबाने सूट मिळते, आणि ती सपाट आहे. २३० च्या बिलात दहा रुपये म्हणजे चार टक्क्यांहून जास्त, वर्षाचे १२०. बिलावर जीजीएन, म्हणजे गो-ग्रीन, क्रमांक छापलेला असतो, तो ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकला की नोंदणी होते. वाचताना थोडंसं वाटतं, पण स्थिर आकार जसा छोट्या घराला जास्त लागतो तशी ही सूट छोट्या घरालाच जास्त पोचते.

सुरक्षा ठेवही बघा. ती सरासरी बिलावर ठरते आणि तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलात जमा झालेलं दिसलं पाहिजे. घरातली माणसं कमी होऊन वापर उतरला असेल तर ठेवीचा फेरहिशेब मागता येतो.

तक्रार आणि हरकत वेगळ्या

बिल चुकलं असेल तर ती तक्रार. १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर नोंदवून क्रमांक घ्या, उपविभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपाल.

स्थिर आकार जास्त आहे, हे मात्र तक्रारीत मांडून उपयोग नाही. तो बेकायदा नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४५ मध्ये, वापरलेल्या विजेच्या आकाराखेरीज स्थिर आकार घेता येईल असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यामागे कारणही आहे: खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, दुरुस्तीची माणसं आणि वीज घेतली नाही तरी वीजनिर्मिती केंद्रांना द्यावी लागणारी रक्कम, हे खर्च तुमचा दिवा विझला म्हणून थांबत नाहीत. पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाचा पगार त्यातच आहे, आणि तो मला जड वाटत नाही. माझं म्हणणं वाटणीबद्दल आहे. ज्या ट्रान्सफॉर्मरवर आतेंचे दोन दिवे आहेत त्यावरच एसीचं घर आहे, आणि दोघांना एक फेजचा स्थिर आकार सारखाच.

हे बदलण्याची जागा म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. दर कंपनी सुचवते, ठरवतो आयोग. २०२०-२१ मध्ये १०० रुपये असलेला हा आकार २०२४-२५ मध्ये १२८ झाला तो आयोगाच्या आदेशानेच. कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. दरवाढीचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, मुदत दिलेली असते, जनसुनावणी होते. हरकत साध्या मराठीत लिहून देता येते. वकील लागत नाही.

हरकतीत "वीज महाग झाली" एवढंच लिहू नका. मी लोकांना असं लिहून देते: "माझा महिन्याचा वापर अमुक युनिट आहे. स्थिर आकार व त्यावरील वीज शुल्क धरून मला एक युनिट इतक्या रुपयांना पडते. हाच दर ३०० युनिट वापरणाऱ्या ग्राहकाला याहून कमी पडतो. मुंबईतील खासगी वीज कंपन्यांच्या आयोगाने मंजूर केलेल्या दरपत्रकांत घरगुती स्थिर आकार वापराच्या टप्प्यानुसार चढता आहे. तसाच टप्पा महावितरणच्या एक फेज घरगुती ग्राहकांना लावावा व महिना ३० युनिटांपर्यंतच्या वापरास सर्वांत कमी स्थिर आकार ठेवावा." खाली ग्राहक क्रमांक, सही, तारीख. सोबत बिलाची प्रत जोडा, ज्या कोपऱ्यात तुम्ही पेनने युनिटचा भाव लिहिला आहे तीच. सुनावणीत बोलायचं असेल तर "मला प्रत्यक्ष बाजू मांडायची आहे" हे वाक्य हरकतीतच घाला आणि प्रस्तावाच्या जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीच्या आत पाठवा.